भीड भिकेची बहीण

मैत्रिणींनो, उन्हाळ्यात लालबागला जाऊन वर्षाचा मसाला कुटून आणायचा असो, गणपतीची खरेदी दादरला उरकायची असो, नाहीतर गिरगावात लग्नाचा आहेर घ्यायचा असो, पर्समध्ये रोकड लागतेच. मोबाईलवरून पैसे द्यायची सोय आता भाजीवालीकडेही झाली आहे खरी. पण सणासुदीला आपली पावलं एटीएमकडे वळतातच. अशा वेळी घाई असते, हातात पिशव्या असतात, मागे रांग खोळंबलेली असते. चोराला नेमकं हेच हवं असतं!

फसवणुकीच्या तऱ्हा पुष्कळ आहेत. पण त्यांतल्या बऱ्याचशा चालतात त्या आपल्या भिडेवर. यंत्र कार्ड घेत नाही, पडद्यावरची अक्षरं पटकन कळत नाहीत, तोच मागचा सभ्य दिसणारा तरुण म्हणतो, "थांबा मावशी, मी करून देतो." नाही कसं म्हणायचं, म्हणून आपण कार्ड त्याच्या हातात देतो. आपण पिन दाबताना तो आकडे टिपतो आणि परत देताना त्याच बँकेचं, तसंच दिसणारं दुसरं कार्ड आपल्या हातावर ठेवतो. आपण घरी पोचेपर्यंत खातं साफ!

तेव्हा पहिला धडा हा, की कार्ड आपल्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाता कामा नये. "नको, माझं मी बघते," एवढं म्हणायला लाजू नका. मागचा माणूस अगदी खांद्याशी आला, तर "जरा मागे उभे राहा" असं स्पष्ट सांगा. जमतच नसेल तर व्यवहार रद्द करा, कार्ड घ्या आणि बाहेर पडा. शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेलं यंत्र वापरा आणि तेही शाखा उघडी असताना. म्हणजे अडचण आली तर आत जाऊन विचारता येतं. निघताना कार्डावरचं नाव किंवा शेवटचे चार आकडे वाचायची सवय ठेवा.

हे फक्त भोळ्याभाबड्यांनाच होतं असं मात्र समजू नका. 2013 साली खुद्द मुंबई पोलिसांतल्या काही जणांच्या पगाराच्या खात्यांतले पैसे दूर ग्रीस देशात काढले गेले होते! कार्डावरची माहिती चोरून बनावट कार्डं तयार केली होती. पुढे रिझर्व्ह बँकेने 2018 च्या अखेरपर्यंत जुनी कार्डं बदलून चिपची कार्डं द्यायला बँकांना सांगितलं, त्यामुळे नक्कल करणं अवघड झालं. पण पिन बघणारा डोळा चिपने थोडाच बंद होतो? म्हणून आकडे दाबताना दुसऱ्या हाताचा तळवा वर आडवा धरायचाच, खोलीत कोणी नसलं तरीही.

हा पिन चार आकडीच का, ठाऊक आहे? असं पहिलं यंत्र 1967 साली लंडनच्या एन्फिल्ड भागात बसलं. ते ज्यांच्या कल्पनेतून उतरलं, ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने आपल्या शिलाँगचे. त्यांच्या मनात सहा आकडे होते. पण पत्नी म्हणाली, माझ्या लक्षात चारच राहतात. म्हणून चार ठरले, असं त्यांनीच सांगितलं होतं. तेव्हा ते चार आकडे डोक्यातच ठेवा. कार्डाच्या पाकिटात चिठ्ठी नको, आणि भाच्याला कार्ड देऊन "तेवढे पैसे आण रे" हेही नको. पिन उलटा दाबला की पोलीस येतात, अशी एक समजूत ऐकू येते; तीवर विसंबू नका. तशी काही सोय नाही.

पैसे बाहेर आलेच नाहीत तर? नोटा येण्याच्या फटीत पट्टी अडकवून ठेवायची आणि बाई निराश होऊन गेली की नोटा ओढून काढायच्या, अशीही एक युक्ती आहे. म्हणून लगेच निघू नका. फटीत काही अडकलंय का ते पाहा, आणि तिथूनच बँकेला फोन करा. नंबर कार्डाच्या पाठीवरचा घ्या. खोलीच्या भिंतीवर चिकटवलेला नको. यंत्रातल्या बिघाडाने खात्यातून रक्कम वजा झाली असेल, तर 2019 च्या नियमानुसार ती पाच दिवसांत आपोआप परत जमा व्हायला हवी. पुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई.

पण मैत्रिणींनो, सगळ्यांत महाग पडते ती घरातली भीड. पैसे गेले हे कळल्यावर आपण घाबरतो. हे काय म्हणतील, सासूबाई काय बोलतील, म्हणून दोन दिवस गप्प बसतो. तेच दोन दिवस चोराला मिळतात! रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमात लिहिलंय, की चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, अशी फसवणूक कामाच्या तीन दिवसांत कळवली तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. पिन कुणाला सांगितल्यासारखी तुमची चूक असली, तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे जितकं लवकर बोलाल तितकं वाचेल. आधी बँकेला सांगून कार्ड बंद करा, मग 1930 या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवा. रडायचं ते त्यानंतर.

आजच दोन कामं करा. बँकेचा फोन नंबर मोबाईलमध्ये लिहून ठेवा. आणि तुमच्या खात्याला तुमचाच मोबाईल नंबर जोडलाय ना, ते विचारा. पुष्कळजणींच्या खात्याचे संदेश यजमानांच्या नाहीतर मुलाच्या फोनवर जातात, आणि पैसे गेल्याचं तिलाच शेवटी कळतं.

आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना एक विनंती. सून किंवा लेक असं काही सांगायला आली, तर "तुला अक्कल नाही का?" हा प्रश्न गिळून टाका. "बँकेला फोन केलास का?" असं विचारा.