चेकच्या पाठीवरचा नंबर

तळेगावात रात्रीचे साडेनऊ वाजले की उन्हाळ्याच्या दिवसांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे बारा वाजलेले असतात. लेकीचा व्हिडिओ कॉल येतो आणि इकडून आईचा पहिला प्रश्न असतो, "वटला का गं चेक?" लेक लग्न होऊन तिकडे गेलेली, नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ती जोडीदाराला मिळणाऱ्या एच-फोरवर. नोकरी करायला परवाना हवा, परवान्यासाठी आय-७६५ नावाचा अर्ज हवा, आणि अर्जासोबत ५२० डॉलरचा चेक. तो टपालाने रवाना झाला की सुरू होते वाट पाहणे. पाकीट पोचले का, उघडले का, स्वीकारले का, हे पोचपावती हाती येईपर्यंत कळायला मार्ग नाही. कळायचे ते चेकवरून. चेक वटला, म्हणजे अर्ज आत गेला.

आणि वटलेल्या चेकला पाठ असते. बँकेच्या ॲपमध्ये त्या पाठीचा फोटो दिसतो. तो बोटांनी मोठा करून पाहिला, की अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने छापलेला तेरा खुणांचा क्रमांक सापडतो: तीन इंग्रजी अक्षरे, पुढे दहा आकडे. कागदी पावती टपालाने यायच्या कितीतरी आधी हा क्रमांक हाती लागतो आणि अर्जाचा माग काढता येतो. अमेरिकेत नव्याने गेलेल्या भारतीयांत ही युक्ती तोंडोतोंडी पसरली. मावळातल्या आईने तो क्रमांक कालनिर्णयच्या पानावर लिहून ठेवावा, इतका तो घरचा होऊन गेला.

आता ही पाठच उरलेली नाही. अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा खात्याने, म्हणजे यूएससीआयएसने, २८ ऑक्टोबर २०२५ नंतर कागदी अर्जांसोबत येणारे चेक आणि मनी ऑर्डर घेणे बंद केले. पैसे भरायचे ते एकतर अमेरिकी बँकेतल्या खात्यातून थेट, त्यासाठी जी-१६५० हा फॉर्म. नाहीतर कार्डाने, त्यासाठी जी-१४५०. याचे मूळ २५ मार्च २०२५ च्या अध्यक्षीय आदेशात आहे. सरकारची सगळी देणीघेणी कागदावरून काढून इलेक्ट्रॉनिक मार्गावर न्यावीत, असे तो आदेश सांगतो. कागदी चेक हरवतात, चोरीला जातात, त्यांत फेरफार होतो, हे कारण त्यात दिले आहे आणि ते खरे आहे. पण हा बदल जाहीर करताना खात्याने स्वतःच सांगितले होते, की त्याच्याकडे येणाऱ्या भरण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक चेक आणि मनी ऑर्डरनेच येतात. म्हणजे जवळजवळ सगळेच ज्या वाटेने चालत होते, ती वाट घोषणेपासून दोन महिन्यांत बंद झाली.

बरे झाले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे समजून घ्यायचे, तर इकडून गेलेल्या माणसाला तो चेक किती जड जायचा हे पाहावे लागते.

लोणावळ्याच्या दुकानात दहा रुपयांची चिक्कीसुद्धा मोबाईल दाखवून घेता येते. यूपीआय २०१६ मध्ये आले. आज पंचविशीत असलेल्या पोराने उभ्या आयुष्यात चेक लिहिलेला नसतो. वडिलांनी लिहिलेला असतो, पण आपल्या पद्धतीने: डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा, आधी दिवस मग महिना, रकमेपुढे 'फक्त'. अमेरिकेत त्या दोन रेघांची रीतच नाही. तारीख महिन्यापासून सुरू होते. बारा मार्चचा चेक आपल्या सवयीने १२/०३ असा लिहिला, की तिकडे तो तीन डिसेंबरचा होतो, पुढल्या तारखेचा. अक्षरी रकमेच्या ओळीत सेंट अपूर्णांकात लिहायचे, शंभर छेदात. चेक कुणाच्या नावे, तर 'यू.एस. डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी' असे पूर्ण लिहायचे. आद्याक्षरांवर भागवू नका, अशी स्पष्ट सूचना असे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीन महिने आहे. यूएससीआयएस मात्र ३६५ दिवसांपर्यंतचा चेक चालवून घेई. तेवढी एक गोष्ट सोपी.

सगळ्यात नाडणारी अट वेगळीच होती. चेकवर बँकेचे आणि खातेदाराचे नाव छापलेले हवे. नवे खाते उघडल्यावर बँक तात्पुरते चार कोरे चेक देते, त्यांवर नाव नसते. नावाचे चेकबुक छापून यायला दिवस लागतात, आणि नव्या माणसाकडे नेमके तेच नसतात. मग शेजारच्या मराठी घरातून कुणीतरी सांगायचे, पोस्टात जा, मनी ऑर्डर कर. अमेरिकी पोस्टाची एक मनी ऑर्डर १,००० डॉलरपर्यंतच निघते. ग्रीन कार्डाच्या अर्जाचे शुल्क १,४४० डॉलर, म्हणून दोन काढायच्या. आपल्या पोस्टाने जी मनी ऑर्डर २०१५ मध्ये बंद केली, ती कोकणात आणि मावळात पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरणगावातून यायची. तिच्याच अमेरिकी बहिणीला नातवाने खिडकीशी उभे राहून शोधावे, हा योग विलक्षण आहे.

या सगळ्यात चूक झाली तर काय होत असे, हे महत्त्वाचे. रक्कम चुकली, सही राहिली, की अख्खे पाकीट परत यायचे. चाळीस-पन्नास पानांचा अर्ज, फोटो, लग्नाच्या दाखल्याचे भाषांतर, सगळे. १ एप्रिल २०२४ ला शुल्के बदलली. कामाच्या परवान्याचे ४१० डॉलर कागदी अर्जासाठी ५२० झाले. जुन्या आकड्याचा चेक जोडणाऱ्याच्या अर्जात बाकी अक्षरही चुकलेले नसले, तरी तो दाखल झाला असे धरले जात नसे. रांगेतली जागा पुन्हा मागून सुरू. व्हिसाची मुदत संपत आलेली असेल, तर त्या परतलेल्या पाकिटाची किंमत नोकरीइतकी होते.

तेव्हा चेक गेला याचे दुःख कुणी करावे असे नाही. दुःख आहे ते वेगळ्या गोष्टीचे. चेक गेला, पण परतणारे पाकीट राहिले.

जी-१६५० वर नऊ आकडी राउटिंग नंबर, खाते क्रमांक, रक्कम आणि हाताने केलेली सही हवी. एक आकडा चुकला, खात्यात त्या दिवशी रक्कम कमी पडली, किंवा खात्यावर परस्पर वजावटीला बंदी घातलेली असली, तर पैसे वळते होत नाहीत आणि अर्ज नाकारला जाऊ शकतो. कार्डाचे म्हणावे, तर ते अमेरिकी बँकेचेच हवे. भारतातले कार्ड चालत नाही. एच-फोरवर गेलेल्या मुलीकडे परवाना मिळेपर्यंत सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, आणि तो नसला की स्वतःच्या नावाचे कार्ड मिळणे कठीण. नवऱ्याला तिकडे जाऊन वर्षही झालेले नसेल, तर त्याच्या कार्डाची मर्यादा तुटपुंजी.

नवरा-बायको दोघांनी ग्रीन कार्डाचा शेवटचा टप्पा गाठला, असे धरून हिशेब मांडू. मुख्य अर्जाचे १,४४० डॉलर, सोबत कामाच्या परवान्याचे २६०, प्रवासाच्या परवान्याचे ६३०. माणशी २,३३०, दोघांचे ४,६६०. आणि हे एकरकमी नाही. प्रत्येक अर्जाचे पैसे वेगळे, म्हणजे सहा अर्जांना सहा फॉर्म. ज्याच्या कार्डाची मर्यादा दोन हजारांची आहे, त्याने काय करावे? कागदी भरण्याच्या सवलतीसाठी यूएससीआयएसने जी-१६५१ हा फॉर्म ठेवला आहे. ज्यांना बँक किंवा इलेक्ट्रॉनिक मार्ग खरोखरच उपलब्ध नाही, अशांसाठी. पण ज्याचे खाते आहे आणि नुसतेच नवे आहे, तो त्यात कुठे बसतो?

अशा वेळी वडगावात बसलेले वडील म्हणतात, "मी पाठवतो की इथून." त्यांचे मन मोठे आहे, पण रुपयातला चेक तिथे कधीच चालला नाही, अमेरिकी बँकेवरचा, डॉलरमधलाच हवा असे. पैसे पाठवायचे तर आधी मुलाच्या खात्यात. एक काळ असा होता, की साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेला निघालेल्या विद्यार्थ्याला देशाबाहेर आठ डॉलर नेता यायचे. आज रिझर्व्ह बँकेची २००४ मध्ये सुरू झालेली योजना वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवू देते. पण बँकेत जाऊन ए-टू फॉर्म भरणे, कारण लिहिणे, दोन-चार दिवस जाणे हे आहेच. गावातल्या शाखेत परकीय चलनाचे काम होत नसेल, तर लोकल पकडून पुण्याला जायचे.

उलट दिशेचे उदाहरण लोणावळ्यातच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधामात योग शिकायला परदेशांतून विद्यार्थी येतात. त्यांतल्या कुणाला मुक्काम लांबवायचा असेल, नोंदणी करायची असेल, तर २०१८ पासून भारत सरकारची ई-एफआरआरओ ही व्यवस्था आहे. अर्ज ऑनलाइन, शुल्क ऑनलाइन, आणि कागद अपुरा असेल तर तोच पुन्हा चढवायला सांगणारा संदेश. तीही व्यवस्था काही निर्दोष नाही, वाट पाहायला तीही लावते. पण उणे राहिलेला कागद तेवढाच मागणे आणि अख्खा अर्ज परत पाठवणे, यात अर्जदाराच्या झोपेचा फरक आहे.

इथेच मागणी स्पष्ट करायला हवी. पैसे अडकले, तर अर्ज दाखल करून घ्यावा, अर्जदाराला कळवावे आणि भरणा दुरुस्त करायला दहा-पंधरा दिवस द्यावेत. त्या मुदतीत पैसे आले, तर मूळ तारीख धरावी. हे मागायला अमेरिकेतल्या मराठी संस्थांनी पुढे यावे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली गावोगावची मंडळे आहेत, अधिवेशने भरतात, हजारो माणसे जमतात. नाटकांच्या आणि जेवणाच्या पंगतींइतकीच ही गोष्ट मंडळाच्या कामाची आहे. ऑनलाइन अर्जांना मुभा वाढवा, हीही मागणी तिला जोडता येईल. विद्यार्थ्यांना शिक्षणाशी निगडित कामाच्या परवान्याचा, म्हणजे ओपीटीचा, आय-७६५ एप्रिल २०२१ पासून ऑनलाइन भरता येतो, आणि कागदी अर्जाला ५२० लागतात तिथे ऑनलाइनला ४७०.

पैसे कसे घ्यायचे यावर कोण सामील होऊ शकेल हे ठरते, ही गोष्ट तळेगावला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि माणशी वर्षाला एक पैसा अशा वर्गणीतून १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना उभा राहिला. वर्गणी रुपयाची ठेवली असती, तर कित्येक घरे दारातूनच मागे फिरली असती. एक पैसा प्रत्येकाच्या कनवटीला होता.

अमेरिकेचे नियम बदलेपर्यंत इकडे करण्याजोगे थोडे नाही. २०२४-२५ मध्ये अमेरिकेत ३ लाख ६३ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते. लोणावळ्याजवळ कुसगावला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तळेगावात आहेत, आणि तिथली मुले एमएसला जातात. त्यांना परीक्षेच्या गुणांचे, विद्यापीठ निवडण्याचे, मुलाखतीचे मार्गदर्शन भरपूर मिळते. व्हिसाच्या अर्जाचे १८५ डॉलर तर घरी बसून भरता येतात, पासपोर्टचे दीड हजार रुपयेही. म्हणून पुढचेही असेच असेल, असा समज होतो. महाविद्यालयांनी निघण्याआधी दोन तास या एका विषयाला द्यावेत: पहिल्या आठवड्यात खाते कसे उघडायचे, राउटिंग नंबर म्हणजे आपला आयएफएससी नव्हे, अर्ज करण्याच्या दिवशी शुल्काचा आकडा सरकारी संकेतस्थळावरच का पाहायचा, आणि खात्यात शुल्काहून थोडी जास्त रक्कम का ठेवायची. लग्न होऊन जाणाऱ्या मुलींना तर हे कुणीच सांगत नाही. त्यांच्या बॅगेत गोडा मसाला असतो, कुकर असतो. पहिल्याच महिन्यात नवऱ्याच्या खात्यात आपलेही नाव घालून घ्यायचे, हे आईने मसाल्याबरोबरच सांगायला हवे.

आणि क्रमांकाचे काय? खात्यातून रक्कम वजा झाल्याची ओळ आता दिसेल, पण उलटून पाहायला पाठ नसेल. त्यासाठी जी-११४५ नावाचा एक पानी फॉर्म आहे. त्याला शुल्क नाही. नाव, ईमेल आणि मोबाईल नंबर लिहून तो अर्जाच्या सगळ्यात वरच्या पानाला टाचायचा; अर्ज स्वीकारला गेला की पावतीचा क्रमांक संदेशाने येतो. कित्येक जण तो जोडायचा विसरतात. पाकीट बंद करण्याआधी तळेगावातून फोनवर विचारावे, "ते वरचं पान लावलंस ना?"