पुन्हा तीच गोष्ट!

एकदा ऐकलेली गोष्ट मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा ऐकवत नाही. मुलाला मात्र काल ऐकलेलीच गोष्ट आज हवी असते. चिमणी-कावळ्याची गोष्ट विसाव्या वेळी सांगतानाही, कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाण्याआधीच ऐकणाऱ्याचे डोळे चमकू लागतात. सांगणाऱ्याने चुकून कावळ्याला मेणाचे घर दिले, तर मग त्याची धडगत नाही! मुलांना गोष्ट तीच आणि तशीच्या तशी हवी असते, हे फ्रॉइडनेही १९२० साली नोंदवून ठेवले आहे.

असे का व्हावे? मुलाभोवतीचे जग रोज नवे असते. आई कामावरून केव्हा परतेल, हेदेखील त्याच्या हाती नसते. गोष्टीत मात्र पुढे काय होणार हे त्याला पक्के ठाऊक असते. तेथे ते जाणते असते! शिवाय, पहिल्या खेपेला कावळ्याचे घर वाहून गेले एवढेच त्याला कळते. दहाव्या खेपेला ते विचारते, ‘चिमणीने त्याला पावसात एवढा वेळ उभे का ठेवले?’

इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. तीन वर्षांच्या काही मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, तर काहींना वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखविल्या. नवे शब्द दोघांच्याही कानांवर सारख्याच वेळा पडले. पण ते अधिक चांगले शिकली ती तीच गोष्ट ऐकणारी मुले.

मला हे फार मोलाचे वाटते. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मीच पहिली. घरी पुस्तकांचे कपाट नव्हते. आजीला सही येत नव्हती, आणि गोष्टी येत होत्या अवघ्या चार. पण त्या चार तिने शंभरदा सांगितल्या. पुस्तके नसलेल्या घरातले मूल मागेच राहणार, असे म्हणणारे या आजीला हिशेबात धरीत नाहीत.

कोणी म्हणेल, ही तर घोकंपट्टी! पण घोकंपट्टी दुसरा लादतो; गोष्ट मूल स्वतः मागते.

आज ‘पुन्हा सांग’ म्हटले की मुलाच्या हाती मोबाइल येतो. तोही तीच गोष्ट शंभरदा लावील. पण मुलाने ‘का?’ विचारले, तर चिमणीची बाजू त्याला समजावून कोण सांगणार? गरिबी गोष्टीच्या आड येत नाही, येतो तो आपला कंटाळा. तो तेवढा बाजूला सारावा आणि पुन्हा सांगावी तीच गोष्ट!