सुट्टी आपली, सुगी किडींची

मे महिना लागला की कृषी विस्ताराचे काम करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास येतो, आणि तो बहुधा शहरातून येतो: "पंधरा दिवस गावी चाललो आहोत, घरातल्या कुंड्यांचे काय करावे?" कापूस आणि उसाच्या अडचणींत गुंतलेल्या माणसाला हा प्रश्न हौशी वाटतो. "शेजाऱ्यांना पाणी घालायला सांगा," एवढे बोलून तो मोकळा होतो. मीही पूर्वी हेच उत्तर देत असे. आज ते मला अपुरे वाटते.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब दोन आठवडे बाहेर होतो. शेजारच्या काकूंनी गॅलरीतील कुंड्यांना नेमाने पाणी घातले. परतलो तेव्हा माती ओली होती. जास्वंदीचे शेंडे मात्र पांढऱ्या कापसासारख्या पुंजक्यांनी भरले होते, खोडावरून मुंग्यांची रांग चालली होती आणि चिकट स्रावावर वाढलेल्या बुरशीने पाने काळवंडली होती. कीटकशास्त्रज्ञाच्या घरी पिठ्या ढेकणाने बस्तान बसवले, याची सहकाऱ्यांनी बरेच दिवस चेष्टा केली. निघण्याच्या धांदलीत पानांची मागची बाजू पाहायची राहून गेली होती, इतकेच त्याचे कारण.

पाण्याची सोय करता येते. खंडित झालेल्या निरीक्षणाची भरपाई करणे कठीण. सुमारे तीस अंश तापमानात आणि कोरड्या हवेत लाल कोळीची अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ आठवडा-दहा दिवसांत पुरी होते. पंधरा दिवसांत दुसरी पिढी उभी राहते. बंद खोलीत तिला धुऊन काढणारा पाऊस नसतो आणि खाणारे मित्रकीटकही नसतात. निघण्याच्या आदल्या दिवशी "खबरदारी म्हणून" पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक फवारणे तर आगीत तेल ओतण्यासारखे आहे: गॅलरीत जे थोडे मित्रकीटक असतील ते मरतात आणि कोळी उलट फोफावते.

म्हणून माझा आग्रह आहे की तपासणी निघण्याच्या दहा दिवस आधी व्हावी. पिठ्या ढेकणाची अंडी मेणचट कापसाळ पिशवीत सुरक्षित असतात. फवारा त्यांपर्यंत नीट पोहोचत नाही. दहा दिवस हाती असले की बाहेर पडणारी पिल्ले दुसऱ्या पाहणीत सापडतात. पाने मागून पाण्याने धुवावीत, किडलेले शेंडे छाटून साबणाच्या पाण्यात बुडवावेत आणि गरज असेल तरच निंबोळी अर्क फवारावा. या काळात नत्रयुक्त खत देऊ नये, कारण कोवळी लुसलुशीत वाढ हे रस शोषणाऱ्या किडींना आमंत्रणच असते.

पाण्याबाबत थोडक्यात सांगतो. कुंड्या उन्हातून उजेडाच्या सावलीत एकत्र आणल्या की गरज बरीच घटते. मातीवर पालापाचोळ्याचे किंवा नारळाच्या भुश्याचे आच्छादन द्यावे, आणि झाकलेल्या बादलीतून सुती वात कुंडीच्या मातीत खोचावी. कुंडीखालची ताटली भरून जाणे मात्र टाळावे. एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठवडा-दहा दिवसांत होते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे आपण गावोगाव सांगतो आणि स्वतःच्या गॅलरीत पंधरा दिवस पाणी साठवून जातो.

शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. पपईवरील पिठ्या ढेकूण 2008 मध्ये तामिळनाडूत आढळला आणि पुढे महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरला. पपई, तुती, टॅपिओका यांचे त्याने मोठे नुकसान केले. 2010 मध्ये अॅसेरोफॅगस पपाई हा परोपजीवी कीटक परदेशातून आणून सोडल्यावर तो आटोक्यात आला. या किडीच्या आश्रयी वनस्पतींत आपली जास्वंद आहे. सुट्टीहून परतताना मावशीच्या अंगणातली एखादी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकण्याची आपली रीत मोठी प्रेमाची असली, तरी किडीला राज्याची हद्द ओलांडायला तेवढे वाहन पुरते. अशी फांदी आणलीच, तर दोन-तीन आठवडे ती इतर कुंड्यांपासून दूर ठेवून भिंगाने पाहत राहावे. प्रगतिशील शेतकऱ्यांनी बांधावरच्या शोभेच्या झाडांनाही हाच नियम लावावा, असे मला वाटते.

यंदा आम्ही पुन्हा बाहेरगावी जात आहोत. जास्वंदीच्या दोन फांद्या गेल्या रविवारीच छाटल्या. काकूंना किल्ली देताना विनंती केली आहे की पाणी एक दिवस चुकले तरी चालेल, पण पानाची मागची बाजू पाहा. पांढरे काही दिसले तर फोटो पाठवा. त्यांनी चष्मा पुसत विचारले, "आणि मुंग्या दिसल्या तर?" त्याचाही फोटो पाठवा, म्हटले.