व्यवसाय बदलण्याचे स्वातंत्र्य

मोटार-उद्योगात मोठा बदल होऊ लागला की कामगाराला एकच उपदेश ऐकवला जातो : नवे कौशल्य शिका, काळाबरोबर चला. उपदेश खोटा नाही. पण तो करणारे सहसा तीन गोष्टींविषयी मौन पाळतात. हे शिकणे कोणाच्या वेळेत व्हायचे? त्याचा खर्च कोणी सोसायचा? आणि शिकून झाल्यावर ते कौशल्य घेऊन दुसरीकडे जाण्याची मोकळीक कामगाराला असणार की नाही? या तीन प्रश्नांना उत्तर देत नाही ती पुनर्प्रशिक्षणाची योजना अपुरी आहे, असे माझे मत आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे हे प्रश्न आता मनुरेवाच्या दारात येऊन उभे राहिले आहेत.

आंबेडकरी कुटुंबांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने रद्द केलेले आणि १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतः छापून प्रसिद्ध केलेले ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण आपल्या घराघरांत आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यातील विचार आपण नेहमी सांगतो. त्याच ठिकाणी पुढे आलेल्या एका मुद्द्याकडे मात्र आपले तितकेसे लक्ष जात नाही. उद्योगधंदे कधी स्थिर राहत नाहीत; ते बदलले की माणसालाही आपला व्यवसाय बदलता आला पाहिजे; ही मुभा जात नाकारते आणि म्हणून ती बेकारीला थेट कारणीभूत होते, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद आहे. आज ज्याला आपण पुनर्प्रशिक्षण म्हणतो त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न त्यांनी असा स्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून मांडला होता.

त्यामागे मुंबईच्या गिरण्यांचा अनुभव होता. विणकाम खात्यातील मजुरी सूतकताईच्या खात्यांपेक्षा चांगली असे. परंतु तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि स्पृश्य कामगार अस्पृश्याच्या तोंडचा धोटा हाती घ्यायला तयार नसत. कौशल्य शिकण्याची बुद्धी होती, हात होते, गरजही होती. जे खाते ते कौशल्य शिकवी त्याचे दार मात्र बंद होते. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. कौशल्य मिळवण्याची संधी कोणाला आणि कोणाला नाही, हे ठरवणारी सत्ता कारखान्यातही असते आणि ती कधी कधी कामगारांच्या आपसांतही असते, हे त्यांनी दाखवून दिले.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना तंत्रशिक्षणाच्या योजना त्यांच्या देखरेखीखाली चालल्या. बेव्हिन प्रशिक्षण योजनेतून भारतीय कामगार तंत्र शिकण्यासाठी ब्रिटनला जात होते. युद्ध संपताना सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या माणसांना नागरी रोजगारात सामावून घेण्यासाठी जुलै १९४५ मध्ये याच खात्याखाली पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय उभे राहिले आणि रोजगार विनिमय केंद्रांचे जाळे विणले गेले. एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाणाऱ्या माणसाला हात देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, ही भूमिका त्यात स्पष्ट दिसते.

आता आपल्या परिसराकडे वळू. मनुरेवाला लागून असलेले विरी आज गोदामे आणि मालवाहू गाड्यांचे गाव वाटते. परंतु एके काळी येथे मोटारी जुळवल्या जात. फोर्ड आणि माझदा यांच्या भागीदारीतील विरीचा कारखाना १९९७ मध्ये बंद झाला. निसानचा कारखाना १९९८ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी पोरिरुआतील मित्सुबिशी, नेल्सनमधील होंडा आणि थेम्समधील टोयोटा यांचे जुळणीचे कामही थांबले आणि न्यूझीलंडमधील मोटार-जुळणीचा धंदा संपला. जपानहून येणाऱ्या वापरलेल्या गाड्यांमुळे तो आधीच खिळखिळा झाला होता. आयात मोटारींवरील जकात २००० सालापर्यंत उठवण्याचे सरकारने डिसेंबर १९९७ मध्ये जाहीर केले. पण मे १९९८ च्या अर्थसंकल्पात ती तत्काळ रद्द करण्यात आली. कामगारांना तयारीसाठी मिळणारी जेमतेम दोन-अडीच वर्षेही अशा रीतीने हातची गेली. जकात उठवणे ग्राहकाच्या हिताचे होते की नव्हते, हा वेगळा वाद आहे. स्वस्त गाडीचा लाभ साऱ्या देशाला झाला आणि त्याची किंमत विरीसारख्या चार-पाच वस्त्यांनी चुकवली, हे मात्र नाकारता येणार नाही.

त्या कारखान्यांत राबणाऱ्यांमध्ये माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेले कामगार मोठ्या संख्येने होते. दक्षिण ऑकलंडच्या उद्योगांना हात हवे होते तेव्हा बेटांवरील माणसांना येथे येऊ दिले गेले. मंदी आली तेव्हा १९७० च्या दशकात त्यांच्याच घरांवर पहाटे धाडी घालण्यात आल्या. त्या धाडींबद्दल न्यूझीलंड सरकारने १ ऑगस्ट २०२१ रोजी अधिकृत माफी मागितली. आपण त्या शेजाऱ्यांनंतर या वस्तीत आलो. त्यांचा हा इतिहास आपल्यासाठीही इशारा आहे.

शेजारच्या ऑस्ट्रेलियातही मोटार-निर्मिती संपली; पण तिच्या शेवटाची रीत काही ठिकाणी निराळी होती. मेलबर्नजवळील आल्टोना येथील कारखाना बंद करणार असल्याचे टोयोटाने फेब्रुवारी २०१४ मध्ये सांगितले आणि तो प्रत्यक्षात ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद केला. मधल्या साडेतीन वर्षांत कामगार नोकरीत असतानाच त्यांना पुढील कामासाठी मार्गदर्शन आणि प्रशिक्षण देण्याची व्यवस्था कंपनीने केली. म्हणून सर्वांचे भले झाले असे नाही. तरीही पगार चालू असताना शिकणे आणि घरहप्ता थकल्यावर शिकणे यांतील अंतर काय असते, हे संसार चालवणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

आज आपल्या भागात मोटारींचे कारखाने नाहीत. दुरुस्तीची गॅरेजे आहेत. आपल्यातील काही कुटुंबे त्यांवर जगतात. पुढचा बदल त्या गॅरेजांत येत आहे. न्यूझीलंडच्या रस्त्यांवर विजेच्या गाड्या प्रथम ठळकपणे दिसू लागल्या त्या जपानहून आलेल्या वापरलेल्या निसान लीफच्या रूपाने. अशा गाडीला इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही, धूर सोडणारी नळी नाही. किरकोळ दुरुस्तीची जी कामे लहान गॅरेजला रोजचे उत्पन्न देतात त्यांतील बरीचशी तेथे उरत नाहीत. उलट नारिंगी आवरणाच्या तारांतून वाहणारा शेकडो व्होल्टचा प्रवाह असतो आणि तो सुरक्षितपणे तोडण्याचे शिक्षण नसलेल्या माणसाने त्याला हात लावणे जिवावर बेतू शकते. हा बदल सरळ रेषेत येणार नाही. विजेच्या गाडीवर मिळणारी सरकारी सवलत जुलै २०२१ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२३ अखेर बंद झाली. म्हणून बदल टळला असे समजून स्वस्थ बसणे योग्य नाही. संकरित गाड्या आधीच सर्वत्र आहेत आणि त्यांच्यातही त्याच नारिंगी तारा आहेत.

शिकण्याची सोय नाही असेही नाही. मानुकाऊ इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. विजेच्या वाहनांच्या दुरुस्तीचे स्वतंत्र प्रमाणपत्रही देशात उपलब्ध झाले आहे. परंतु २०२० साली सोळा पॉलिटेक्निके ‘ते पूकेंगा’ या एका संस्थेत विलीन करायची आणि सरकार बदलताच ती संस्था मोडायला घ्यायची, या उलथापालथीत शिकणाऱ्याने कोणते दार ठोठवावे हेच त्याला कळेनासे होते. त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. आठवड्याचे पाच-सहा दिवस गाडीखाली झोपून काम करणाऱ्या चाळिशीतील माणसाने रात्री अभ्यासाला बसावे, फी स्वतः भरावी आणि परीक्षेच्या दिवसाची मजुरी गमवावी, अशी अपेक्षा ठेवणाऱ्या व्यवस्थेला प्रशिक्षणाची व्यवस्था म्हणणे कठीण आहे.

यात व्हिसाची भर पडते. अक्रेडिटेड एम्प्लॉयर वर्क व्हिसावर आलेला कामगार सामान्यतः ठरावीक मालकाशी, ठरावीक कामाशी आणि ठरावीक ठिकाणाशी बांधलेला असतो. मालक किंवा काम बदलायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते. व्हिसा म्हणजे जात नव्हे. दोहोंची बरोबरी करणे जातीच्या यातनेला हलके लेखणे होईल. पण बाबासाहेबांची कसोटी येथेही लागू पडते. धंदा बदलतो आहे. माणसाला त्याबरोबर बदलण्याची मोकळीक आहे का? नसेल, तर त्याने मिळवलेले प्रत्येक नवे कौशल्य त्याच्यापेक्षा त्याच्या मालकाच्या अधिक कामी येईल.

मायदेशातील चित्र याहून बोलके आहे. तळेगाव दाभाडे येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. हजाराहून अधिक कायम कामगार रस्त्यावर आले आणि त्यांची संघटना न्यायालयात गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना विकत घेण्याचा करार केला. जमीन, इमारती आणि यंत्रे यांना नवा मालक मिळाला. त्या यंत्रांवर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांना मात्र आपल्याला सामावून घ्यावे म्हणून उपोषणाला बसावे लागले. त्याच पुणे परिसरात २०१३ साली सुरू झालेल्या ‘नीम’ योजनेखाली हजारो तरुण ‘प्रशिक्षणार्थी’ या नावाने उत्पादनाच्या साखळीवर उभे केले गेले. काम कामगाराचे, नाव शिकाऊ उमेदवाराचे, आणि कामगाराचे हक्क नाहीत. प्रशिक्षण हा शब्द स्वस्त मजुरीवर पांघरूण म्हणूनही वापरला जातो, हे त्यावरून ध्यानात घ्यावे.

लहान गॅरेजचा मालक म्हणेल की कामगाराला पगारी रजा देऊन शिकायला पाठवणे मला परवडणार नाही. आणि शिकून तो दुसरीकडे गेला तर माझा पैसा वाया. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. उत्तर असे की हा भार एकट्या मालकावर टाकू नये, तसा तो एकट्या कामगारावरही टाकू नये. स्वीडनने ऑक्टोबर २०२२ पासून नोकरी करणाऱ्या प्रौढांना शिक्षणासाठी ४४ आठवड्यांपर्यंत, एका मर्यादेत पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत आधार देण्याची व्यवस्था केली; ती मालक आणि कामगार संघटना यांच्या करारातून आली. न्यूझीलंडमध्येही नोकरी गेल्यास सात महिन्यांपर्यंत ८० टक्के उत्पन्न देणाऱ्या विम्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये पुढे आला होता. सरकार, मालकांची संघटना आणि कामगार महासंघ यांनी तो मिळून तयार केला होता. २०२३ च्या प्रारंभी तो बाजूला ठेवण्यात आला. कमी पगाराच्या माणसाकडून घ्यायच्या वर्गणीवर रास्त आक्षेप होते. ते दूर करता आले असते. आज या देशात कामावरून कमी केलेल्याला भरपाई देण्याची कायदेशीर सक्तीही नाही. ती मिळते ती करारात लिहिलेली असेल तरच.

म्हणून आपण दोन पातळ्यांवर काम केले पाहिजे. पहिली मागणीची. पगारी वेळेत शिकण्याचा हक्क, कामगार जेथे जाईल तेथे त्याच्याबरोबर जाणारे प्रमाणपत्र आणि व्हिसाधारकाला त्याच कौशल्याच्या कामात मालक बदलण्याची सुलभ मुभा, या तीन मागण्या संसदीय समित्यांपुढे लेखी निवेदनांतून मांडता येतात. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. कामगार संघटनेचे सभासद होणे हा या देशात प्रत्येकाचा हक्क आहे आणि आपल्या लोकांनी तो संकोच न बाळगता वापरावा. ज्यांच्या आधीच्या पिढीने स्वतंत्र मजूर पक्षाचा झेंडा हाती घेतला होता त्यांनी संघटनेपासून दूर राहणे शोभत नाही. आपल्यापैकी जे स्वतः गॅरेजचे मालक आहेत त्यांनी या मागण्यांची सुरुवात आपल्या गॅरेजपासून करावी. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची कर्तव्ये सांगताना कामगाराच्या शक्तीनुसार काम, योग्य वेतन, आजारपणात काळजी आणि विश्रांती यांचा उल्लेख केला आहे. आजच्या काळात शिकण्यासाठी दिलेला वेळ त्याच ओळीत बसतो.

दुसरी पातळी आपल्या घरातील आहे. शिक्षणाने आपल्याला गावकुसाबाहेरून येथवर आणले, म्हणून आपल्याला पदवीचे मोल वाटते आणि ते रास्त आहे. परंतु त्या ओढीत हाताच्या कौशल्याकडे कमीपणाने पाहण्याची वृत्ती आपल्यातही शिरली आहे. अभियंत्याचे नाव कार्यक्रमात आदराने घेतले जाते. मेकॅनिकचे घेतले जात नाही. श्रमाला हीन ठरवणारी ही नजर ज्या व्यवस्थेची आहे ती आपण सोडून आलो आहोत. प्रत्येक मंगलप्रसंगी आपण ज्या महामंगलसुत्ताचे पठण करतो त्यात बहुश्रुतपणाच्या जोडीने ‘सिप्प’ म्हणजे हस्तकौशल्य हेही मंगल मानले आहे. ते आचरणात आणायचे असेल तर रविवारच्या वंदनेनंतरचा एक तास आपण या कामाला देऊ शकतो. अनुभवी मेकॅनिकला पूर्वानुभवाची मान्यता मिळवण्यासाठी अर्ज भरून देणे, इंग्रजी तांत्रिक पुस्तकातील धडा मराठीतून समजावणे, नोकरीचा करार सही करण्यापूर्वी वाचून पाहणे, ही कामे आपल्यातील शिकलेली मुले-मुली सहज करतील.

‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ या त्रिसूत्रीतील पहिला शब्द आपण मुलांसाठी राखून ठेवला आहे. तो पंचेचाळीस वर्षांच्या बापालाही लागू आहे, आणि त्याला शिकता यावे यासाठी उरलेले दोन शब्द आहेत.