नव्या गाण्याचा पत्ता कुणाला विचारायचा?

महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि तिला लागून आलेले शनिवार-रविवार, असा तीन दिवसांचा सलग योग जुळून आला की मुंबईच्या मध्यमवर्गाच्या दोन तुकड्या पडतात. एक तुकडी लोणावळ्याच्या नाहीतर कोकणच्या वाटेवर मोटारींच्या रांगेत घामाघूम होत बसते. दुसरी घरीच राहते आणि संध्याकाळी जावे कुठे, या विवंचनेत पडते. आज आम्हांला लिहावयाचे आहे ते या दुसऱ्या तुकडीबद्दल, आणि त्यातही तिच्यातील तरुण मुलामुलींबद्दल. त्यांच्या परीक्षा नुकत्याच आटोपल्या आहेत, खिशात दोन-तीनशे रुपये आहेत आणि आपल्याच वयाच्या कुणीतरी स्वतः रचलेले, स्वतः चाल लावलेले गाणे समोर उभे राहून गावे, ते आपण ऐकावे, एवढीच त्यांची इच्छा आहे. इच्छा अगदी साधी. पण या महानगरात ती पुरी करणे किती अवघड होऊन बसले आहे, याची कल्पना वडीलधाऱ्यांना नसते.

नाटक पाहावयाचे असेल तर प्रश्न नसतो. वर्तमानपत्र उघडावे, नाट्यगृह, दिवस, वेळ आणि नटांची नावे तेथे ठळक अक्षरांत असतात. ख्याल-ठुमरीची बैठक असेल तर तिचीही वार्ता मंडळांमंडळांतून पोचते. ज्या संगीताला आजची पिढी ‘इंडी’ म्हणते, म्हणजे जे चित्रपटाच्या निर्मात्यासाठी किंवा बड्या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या हुकमावरून केलेले नसते, त्या स्वतंत्र संगीताची मात्र तऱ्हाच निराळी. ते कुठे आहे, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच कळते. कार्यक्रमाची घोषणा इन्स्टाग्रामच्या ‘स्टोरी’वर होते आणि चोवीस तासांनी ती पुसली जाते. तिकिटे विकणाऱ्या मोबाईलवरील दुकानांत शिरावे, तर विनोदवीरांचे प्रयोग, दांडिया आणि पाककृतींचे वर्ग यांच्या गर्दीत चौघा मुलांचा बँड पार तळाशी गेलेला असतो. शिवाय ही यंत्रे आपल्याला तेच दाखवितात जे आपण पूर्वी पाहिले आहे. ज्याचे नाव कधी ऐकले नाही, त्याचे गाणे शोधायचे कसे? आणि नवे संगीत म्हणजे तर ज्याचे नाव अजून कुणी ऐकलेले नाही तेच!

कुणी म्हणतील की हे सारे इंग्रजाळलेल्या चार पोरांचे खूळ आहे. त्यासाठी पहिल्या पानावरचा अग्रलेख कशाला खर्ची घालायचा? या आक्षेपकांना आम्ही मराठी भावगीताची आठवण करून देऊ इच्छितो. गजाननराव वाटवे पेटी घेऊन गणेशोत्सवाच्या मांडवांतून आणि चौकाचौकांतून समकालीन कवींच्या कविता गाऊ लागले, तेव्हा त्यांच्या पाठीशी कोणता चित्रपट उभा होता? रागदारीच्या बैठकीत त्या गाण्याला स्थान नव्हते, रंगभूमीवरही नव्हते. स्वतःच्या चाली घेऊन ते थेट श्रोत्यांपुढे उभे राहिले आणि श्रोत्यांनी त्यांना उचलून धरले. आजच्या अर्थाने हे स्वतंत्र संगीतच होते. फरक एवढाच की त्या काळी चौक होता, मांडव होता, आणि आज संध्याकाळी कुठे गाणे आहे हे गल्लीतल्या पोराला ठाऊक होते.

इंग्रजी वळणाच्या संगीतालाही या शहरात एके काळी असाच एक चौक लाभला होता. धोबीतलावाजवळचे रंगभवन हे उघडे नाट्यगृह ज्यांनी भरलेले पाहिले आहे, त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. १९७८ साली तेथे ‘जॅझ यात्रा’ भरली आणि देशोदेशींच्या वादकांना मुंबईकरांनी आकाशाखाली बसून ऐकले. १९८६ साली ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला आणि महाविद्यालयांतील बँडना एक हक्काचा मंच मिळाला. त्या मंचाचेही एक दुखणे होते. श्रोत्यांना विलायती बँडची गाजलेली गाणी हवी असत. स्वतःचे गाणे सुरू केले की कित्येकदा हुर्यो मिळे. तो हुर्यो सोसून ‘रॉक मशीन’सारख्या बँडने १९८८ साली स्वतःच्या गाण्यांची ध्वनिफीत काढली. हाच बँड पुढे ‘इंडस क्रीड’ झाला. आपले गाणे आपणच लिहावे, ही हिंमत ज्या पिढीने दाखविली तिची शाळा रंगभवन ही होती.

ती शाळा बंद पडली. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रुग्णालय, शिक्षणसंस्था व न्यायालय यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर ‘शांतता क्षेत्र’ ठरला. रंगभवनाच्या अवतीभवती रुग्णालयेही आहेत आणि महाविद्यालयही आहे. रंगभवन मुके झाले. आम्ही त्या नियमांविरुद्ध नाही, हे येथेच स्पष्ट करून ठेवतो. रुग्णाच्या खाटेशेजारी ढोल वाजविण्याचा अधिकार कोणत्याही कलेला नाही, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद व्हावा हे सुसंस्कृत नगराला शोभणारेच आहे. आमची तक्रार वेगळी आहे. एक जागा कायद्याने काढून घेतली, तेव्हा तिच्या बदली दुसरी जागा द्यावी, असे ना सरकारला सुचले ना महापालिकेला. नाट्यगृह पाडले तर नाट्यपरिषद रस्त्यावर येईल; गिटार घेतलेल्या पोरांची परिषद कुठे आहे?

तेव्हा हे संगीत मद्यगृहांच्या आश्रयाला गेले. यात त्या धंद्याला दोष देण्याचे कारण नाही. किंबहुना त्याचे उपकारच मानले पाहिजेत. लोअर परळच्या मथुरादास मिलमध्ये २००७ साली ‘ब्लू फ्रॉग’ उघडले आणि ध्वनीची इतकी जातिवंत व्यवस्था या शहरातील स्वतंत्र बँडना प्रथमच मिळाली. २०१६ साली ते बंद झाले. गिरणीच्या जागेचे भाडे, परवान्यांचे ओझे आणि मद्याच्या विक्रीवर सारा हिशेब, या तिपाईवर संगीत फार काळ बसू शकत नाही. तिपाईचा एक पाय मोडला की गाणेच आधी खाली पडते. शिवाय अशा ठिकाणी गायकाकडे पाहण्याची दृष्टी व्हायची तीच होते. गिऱ्हाईक आणखी अर्धा तास बसावे, म्हणून तो गातो.

आणि आता ती गोष्ट, जी आम्हांला सर्वांत अधिक खटकते. महाराष्ट्रात बिअर आणि वाईन पिण्यास वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, कडक मद्यास २५. त्यामुळे पुष्कळशा मद्यगृहांच्या दारावर एकविसाच्या आतल्यांना मज्जावच असतो. म्हणजे पाहा! ज्यांना सुट्टी आहे, ज्यांना हे संगीत हवे आहे, ज्यांच्यासाठी ते गायिले जाते, ती अठरा-एकोणीस वर्षांची मुले दाराबाहेर. आणि आत बसलेले निम्मे लोक पाठ फिरवून आपल्या नोकरीच्या गोष्टी बोलत आहेत. ज्याला मतदानाचा अधिकार आहे त्याला गाणे ऐकण्याचा अधिकार नाही, ही अवस्था कायद्याने मुद्दाम निर्माण केलेली नाही, हे आम्ही जाणतो. गाणे आणि मद्य यांची गाठ बांधली गेल्यामुळे ती आपोआप उत्पन्न झाली आहे. म्हणूनच ती सोडविणे शक्य आहे.

दुसरी अडचण घड्याळाची. जाहिरातीत आठ वाजता म्हणावे, दार नऊला उघडावे आणि मुख्य बँडने दहाच्या सुमारास तारा जुळवावयास घ्याव्या, असा एक बेशिस्त प्रघात पडून गेला आहे. वांद्र्याला राहणाऱ्याचे यात काही बिघडत नाही. डोंबिवलीच्या, वसईच्या, पनवेलच्या श्रोत्याचे सारे बिघडते. तो तिसऱ्या गाण्यालाच मनगटाकडे पाहू लागतो, पाचव्याला उठतो आणि शेवटची लोकल पकडण्यासाठी धावत सुटतो. मुलगी असेल तर ती बहुधा येतच नाही. या शहरातील नव्या संगीताचा श्रोता ‘दक्षिण मुंबई ते वांद्रे’ एवढाच आहे, असे जे सांगितले जाते त्याचे कारण अभिरुचीत शोधण्यापूर्वी रेल्वेच्या वेळापत्रकात शोधावे. ज्या उपनगरांतून श्रोता येऊ शकत नाही तेथूनच आज उत्तम गाणारे निघत आहेत. ‘स्वदेसी’ या रॅप करणाऱ्या मंडळींनी आरेच्या जंगलातील प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन २०१९ साली ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे काढले. आरेच्या जमिनीविषयी आणि झाडांविषयी या शहराने केलेल्या साऱ्या चर्चेत इतका थेट स्वर आम्ही क्वचितच ऐकला असेल. असे गाणे मोबाईलच्या टिचभर पडद्यावर ऐकण्याचे नव्हे. ते चारशे माणसांत उभे राहून ऐकण्याचे आहे.

मे महिन्यात तर सगळेच आटते. मोठे महोत्सव हिवाळ्याचे. पुण्याचा ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ २०१० साली सुरू झाला तो डिसेंबरात. महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर २०२३ साली ‘लोलापालूझा’ प्रथम भरला तो जानेवारीत. उन्हाळा हा जणू ऐकण्याचा ऋतूच नव्हे, असे संयोजकांनी ठरवून टाकले आहे. ज्या महाराष्ट्रात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ऐन वैशाखात भरते आणि लोक पंख्याशिवाय व्याख्याने ऐकत आले, तेथे उन्हाळ्याच्या संध्याकाळी गाणे ऐकायला माणसे येणार नाहीत, हे आम्हांला पटत नाही. सूर्य कलल्यावर समुद्राकडून वारा सुटतो. त्या वेळी घरात बसवत नाही, हे तर प्रत्येक मुंबईकराला ठाऊक आहे.

मग करावे काय? आमच्या मते उत्तर या शहराच्या जुन्या नकाशातच आहे. ‘बँडस्टँड’ हा शब्द मुंबईकर रोज उच्चारतो, पण तेथे कधी काळी बँड वाजत असे म्हणून ते नाव पडले, हे आता कुणाच्या ध्यानीही नसते! कूपरेजच्या बागेतील बँडस्टँड अद्याप उभा आहे. वांद्र्याच्या किल्ल्यापाशी उघडे नाट्यगृह आहे. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने महापालिकेच्या उद्यानांतून विनामूल्य कार्यक्रम करून दाखविले आहेत. तेव्हा ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. एप्रिल-मे महिन्यांतील प्रत्येक शनिवार-रविवारी महापालिकेने आपल्या अशा जागा सायंकाळी सहा ते नऊ या वेळात स्वतंत्र बँडना नाममात्र भाड्याने द्याव्या. शांतता क्षेत्रातील जागा वगळाव्या, आवाजाची मर्यादा यंत्राने मोजावी, आणि नऊ वाजता वीज बंद करावी. मद्य नाही, म्हणून वयाची अट नाही. दहाच्या आत सारे घरच्या गाडीत.

परवान्यांविषयी आम्ही सावधपणेच बोलू. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत चौदा जीव गेले. त्यानंतर ‘परवाने सैल करा’ असे कोणत्याही जबाबदार पत्राला म्हणता येणार नाही. पण सैल करणे वेगळे आणि सुटसुटीत करणे वेगळे. बाहेर पडण्याची वाट रुंद आहे की नाही, हे अग्निशमन दलाने कसोशीने पाहावे. मात्र शंभर माणसांच्या कार्यक्रमासाठी बावीस वर्षांच्या मुलाला पोलीस ठाणे, वाहतूक शाखा, महापालिका आणि गीतहक्कांच्या संस्था यांच्या दारोदार कागद घेऊन फिरावे लागणे, यात कुणाचा जीव वाचतो? एकच अर्ज, एकच खिडकी आणि ठराविक दिवसांत होकार किंवा नकार, एवढे तरी सरकारला जमावे.

पैशाचा प्रश्न निघेलच. जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ नवी मुंबईत तीन दिवस गाऊन गेला. त्याची तिकिटे मिळविण्यासाठी जे रण माजले त्याच्या बातम्या आम्हीही छापल्या, इतरांनीही छापल्या. लाखाहून अधिक लोकांनी तो ऐकला. ब्रिटनमध्ये २०२४ साली संसदेच्या एका समितीने अशी शिफारस केली की भव्य मैदानांवरील कार्यक्रमांच्या तिकिटांवर छोट्या संगीतगृहांसाठी अधिभार घ्यावा. एका तिकिटामागे एक पौंड, अशी ती कल्पना. तेथील सरकारनेही ती स्वेच्छेच्या स्वरूपात उचलून धरली. आपल्याकडे तिकिटामागे दहा रुपये घेतले असते, तर त्या तीन दिवसांतूनच दहा लाखांवर रक्कम जमली असती आणि कित्येक बँडस्टँडांवरच्या विजेचे व ध्वनिक्षेपकांचे बिल भागले असते. ज्याने हजारोंचे तिकीट काढले त्याला दहा रुपये जड होतील, असे आम्हांला वाटत नाही.

सरकार आणि महापालिका आपल्या गतीने चालतील. तोवर पत्ता सांगण्याचे काम अडून राहण्याचे कारण नाही. व्याख्याने, कीर्तने आणि गायने यांची ‘आजचे कार्यक्रम’ ही यादी मराठी दैनिकांची जुनी ओळख आहे. येत्या शुक्रवारपासून संपूर्ण उन्हाळाभर आमच्या दुसऱ्या पानावर स्वतंत्र संगीताच्या कार्यक्रमांस अशाच यादीत जागा दिली जाईल. तीस मोल नाही. संयोजकांनी बँडचे नाव, गाण्याची भाषा, जागा, जवळचे रेल्वे स्थानक, प्रवेशमूल्य आणि वयाची अट असल्यास ती, एवढा मजकूर बुधवारी सायंकाळी सहापर्यंत आमच्या कार्यालयात पोचवावा. वेळ लिहिताना दार उघडण्याची लिहू नये, पहिले गाणे सुरू होण्याची लिहावी. छापलेली वेळ ज्यांनी दोनदा मोडली, त्यांचे तिसरे निवेदन छापले जाणार नाही.