धूर कुणाचा, त्रास कुणाला?

'माझे पैसे, माझी बिडी, तुम्हाला काय?' टपरीवर हे नेहमी ऐकू येतं. पण धूर ओढणाऱ्यापाशीच थांबत नाही. मुंबईचे मुरली देवरा याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने दवाखाने, शाळा, कचेऱ्या, रेल्वे इथे धूम्रपान बंद करण्याचा आदेश दिला. आधार होता घटनेच्या कलम २१चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर नियम कडक झाले. दंड २०० रुपयांपर्यंत.

नीट पाहा, कायद्याने सिगारेट ओढायलाच बंदी केलेली नाही. दुसऱ्याच्या श्वासात धूर सोडायला केली आहे. कच्चा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, ही शिकवण तरी वेगळं काय सांगते? लसूण हलालच आहे, पण शेजारी उभ्या असलेल्याचा त्रासही बघावा लागतो.

मात्र हा कायदा घराच्या उंबऱ्याशी थांबतो. दोन खोल्यांच्या घरात अब्बांनी सिगारेट पेटवली, तर लेकरं जाणार कुठे? अम्मी गप्प बसते, भांडण नको म्हणून. तिथे पावती फाडायला कुणी येणार नाही. ज्याला सोडवत नाही, त्याने निदान उठून बाहेर मोकळ्यावर जावं.