उजेड किती हवा?

मंडळी, या वयात मी गाड्यांच्या रंगावर लिहीन असं मलाच कधी वाटलं नव्हतं. पण गेले दोन महिने आमच्या घरात दुसरा विषयच नाही, तेव्हा तुम्हालाही थोडं सोसावं लागणार!

झालं असं, की आमचा नातू नाशिकची नोकरी सोडून अमळनेरला परत आला. तिथे तो गाड्यांचं 'डिटेलिंग' करायचा. म्हणजे नुसतं धुणं-पुसणं नव्हे. रंगावरचे बारीक ओरखडे मशीनने पॉलिश करून काढायचे, वर कोटिंग चढवायचं, असं सगळं. "आबा, आपल्या गॅरेजमध्येच सुरू करतो," म्हणाला. आमचं गॅरेज म्हणजे घर आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधल्या बोळावर पत्रे टाकून केलेली 9 फूट रुंदीची जागा. स्विफ्टसारखी गाडी 1735 मिलिमीटर रुंद. अगदी मधोमध उभी केली तरी दोन्ही बाजूंना जेमतेम 50 सेंटीमीटर उरतात. त्यातच माणूस, मशीन आणि वायर.

पहिली गाडी आली ती गावातल्याच ओळखीच्या एका गृहस्थांची, काळी. पोराने दोन दिवस राबून अशी चमकवली की मी तिच्यात बघून टोपी सारखी केली. छताला दोन ट्यूबलाइट होत्या, त्यांच्या उजेडात एक रेघ दिसत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या उन्हात गृहस्थ गाडी घेऊन हजर. सगळ्या बॉनेटवर मशीन जिथून जिथून फिरलं तिथे पुसट ढगाळ पट्टे! गृहस्थ रागावले नाहीत. "रात्रीच्या लग्नाला चालेल," एवढंच म्हणाले आणि निम्मे पैसे देऊन गेले. पोरगा त्या रात्री जेवला नाही.

मग त्याने मोबाइलवर मला ते षटकोनी दिवे दाखवले. मधमाशीच्या पोळ्यासारखे, छतभर. मोठ्या शहरातल्या सगळ्या स्टुडिओंत असतात म्हणे. खर्च चाळीसेक हजार. तेवढे माझ्या एफडीतून मोडून द्यावेत अशी विनंती. मी लगेच हो म्हणालो नाही, आणि त्याच्यासोबत बसून हा उजेडाचा विषय समजून घेतला. आता माझं मत ठाम झालं आहे: अशा छोट्या जागेत उजेड वाढवून काम सुधारत नाही, उजेडाची दिशा सापडल्याने सुधारतं.

घरातलं एखादं स्टीलचं ताट उन्हात धरून बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल रेघांचं जाळं दिसेल. ताट हलवलं की जाळंही सरकतं. खरं तर त्या रेघा गोल नसतातच. घासणीचे ओरखडे सगळ्या दिशांनी पडलेले असतात, त्यांतले जे प्रतिबिंबाभोवती आडवे येतात तेवढेच उजेड आपल्या डोळ्यांकडे परतवतात. गाडीच्या रंगावर हेच घडतं. म्हणून ओरखडा शोधायला हवा एकाच ठिकाणाहून येणारा, हातात धरून हलवता येणारा दिवा. ट्यूबचा किंवा छतभर पसरलेल्या षटकोनांचा उजेड चहूकडून येतो. त्यात चकाकी देखणी दिसते, पत्र्याचा पोचाही कळतो, कारण दिव्याच्या सरळ रेषेचं प्रतिबिंब तिथे वाकतं. पण बारीक ओरखडे त्या उजेडात बुडून जातात. म्हणजे ज्या चुकीमुळे पोराची मान खाली गेली, ती चूक चाळीस हजारांच्या दिव्यांखालीही बहुधा लपूनच राहिली असती!

दुसरी गोष्ट, खोक्यावर छापलेल्या ल्यूमेनच्या आकड्याला भुलू नये. छोटा दिवा निम्म्या अंतरावर आणला की पृष्ठभागावरचा उजेड चौपट होतो. आपल्या बोळात दिवा मुळातच हातभर अंतरावर असतो, तिथे प्रखर दिवा म्हणजे डोळ्यांत तिरीप. त्यापेक्षा कमी-जास्त करता येणारा दिवा घ्यावा. आणि पाहावा तो सीआरआयचा आकडा. उन्हाचा 100 धरतात, नेहमीच्या एलईडीचा 80च्या आसपास असतो, तपासणीच्या दिव्याचा 95च्या वर असावा. हे आपल्या बायकांना न शिकवताच कळतं. दुकानात कितीही झगमगाट असो, लुगडं दारापाशी उजेडात नेऊन पाहिल्याशिवाय त्या पैसे काढत नाहीत.

शेवटी आम्ही काय केलं, ते सांगतो. वायरमनने आल्या आल्या विचारलं, "तुमले कितला उजेड पाहिजे, सर?" मी म्हटलं, बाबा रे, तोच तर प्रश्न आहे! चार कोपऱ्यांत चार फुटी 20 वॅटच्या एलईडी पट्ट्या उभ्या लावल्या. छतावरचा उजेड दारांच्या खालच्या भागावर पोचत नाही, तिथे सावली पडते, म्हणून उभ्या. त्याही कोपऱ्यांत, कारण शेजारच्या भिंतीवर लावल्या तर वाकून काम करणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातात. चकचकीत पांढऱ्या भिंतींना चमक नसलेला करडा रंग दिला. खाली पाणी असतं म्हणून आधी आरसीसीबी बसवला, जो वीज गळाली की क्षणात बंद पडतो. यावर तडजोड नाही. जुना 500 वॅटचा हॅलोजन मात्र काढून टाकला. एप्रिल-मेमध्ये आपल्या खान्देशात पारा 45ला टेकतो, त्यात पत्र्याखाली ती शेगडी कोण पेटवणार? माणूस तर भाजतोच, पॉलिशही पत्र्यावरच वाळतं. बाकीचे पैसे एका चांगल्या बॅटरीच्या हातदिव्यावर घातले. त्याचा उजेड पिवळसर ते पांढराशुभ्र असा बदलता येतो. पांढऱ्या गाडीवर पिवळसर आणि मंद केला की ओरखडे बरे दिसतात, हा पोराचा अनुभव. तपासताना बाकीचे दिवे बंद. शिवाय पॉलिशचं तेल ओरखड्यांत बसून त्यांना तात्पुरतं झाकतं, म्हणून आधी पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच दिवा धरायचा. हे सगळं मिळून षटकोनांच्या निम्म्याहून कमी खर्चात झालं.

(जाता जाता एक गंमत. 1945 साली याच गावात वनस्पती तूप बनवायला निघालेली कंपनी पुढे विप्रो झाली आणि दिवेही विकू लागली. तेव्हा आमच्या घराण्यात कुणाला शेअर घ्यायची बुद्धी झाली असती, तर नातवाला एफडी मागायची वेळ आली नसती! असो.)

आता खरा मुद्दा. हातदिवा आल्यावर वेगळंच दुखणं सुरू झालं. पोराला जिकडेतिकडे ओरखडे दिसू लागले, आणि दिसला की घास. मी विचारलं, रंगाची जाडी किती असते रे? कंपनीचा सगळा रंग मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढा किंवा थोडा जास्त. त्यातला वरचा पारदर्शक थर 40-50 मायक्रॉनचा. घासायला जागा तेवढीच, तीही जपून वापरायची, कारण ऊन सोसायचं काम तोच थर करतो. एकदा गेला की परत येत नाही.

आमच्या गावात 1916 साली प्रताप शेटजींच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. तिथल्या वेदान्तातला नेहमीचा दाखला म्हणजे अंधुक उजेडात दोरीचा साप दिसतो. मला आता वाटतं, अति उजेडातही दिसतो. केसाएवढी रेघ सापासारखी भासते आणि माणूस काठी घेऊन धावतो.

मी स्वतः हे केलेलं आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मुलाच्या निबंधातला एकूणएक ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने दाखवून वही परत केली होती. मला वाटलं, केवढं कर्तव्य केलं! पुढे त्याच्या निबंधात चुका दिसेनाशा झाल्या, कारण तो पाचच ओळी लिहू लागला. त्या मुलाच्या वहीची मला आजही लाज वाटते.

म्हणून मी नातवाला एकच नियम सांगितला. दिवा लावण्याआधी ठरव, काय शोधतो आहेस आणि त्यातलं काय काढणार आहेस. जे काढायचं नाही ते गिऱ्हाइकाला त्याच दिव्याखाली दाखव आणि का राहू दिलं ते सांग.

त्या गृहस्थांना बोलावून त्याने बॉनेट फुकट नीट करून दिलं. मागच्या दारावर एक खोल रेघ होती, ती दाखवून म्हणाला, "काका, ही घासली तर इथला थरच जाईल." ते खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. "राहू दे," म्हणाले, आणि उरलेले निम्मे पैसे न मागता दिले.

षटकोनांचं भूत अजून उतरलेलं नाही बरं का. त्या दिव्यांखालचा फोटो बघून गिऱ्हाईक येतं, असं पोराचं म्हणणं आहे, आणि ते खोटं नसावं. मी म्हटलं, जरूर लाव, पण स्वतःच्या कमाईतून. आणि लावलेस तरी रात्री गाडी देऊ नकोस. सकाळी उन्हात उभी करून, गिऱ्हाइकाच्या आधी तू बघ.